पहिली चादर कुणाच्या खांद्यावर?

आमच्या गल्लीतल्या अण्णांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. नवे माग बघायला ते मध्यंतरी चीनला जाऊन आले. तिथल्या एका शहरात बाहेरून आलेल्या कारखानदारांसाठी जेवण ठेवलं होतं आणि शहरातली मोठी मंडळीही आली होती. अण्णा पडले सोलापूरचे, रिकाम्या हातानं कसे जाणार? बॅगेत दोन सोलापुरी चादरी होत्या. महापौर कोण ते त्यांनी दुभाष्या पोराला विचारून घेतलं, पुढं झाले आणि पहिली चादर महापौरांच्या खांद्यावर घातली.

महापौरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी चादर दोन्ही हातांनी धरली, पण नजर शेजारच्या माणसाकडं. टाळी कुणीच वाजवेना. दुभाष्यानं अण्णांची बाही ओढली आणि कानात काहीतरी पुटपुटला. अण्णांनी घाईघाईनं दुसरी चादर त्या शेजारच्या माणसाला दिली, तेव्हा कुठं टाळ्या सुरू झाल्या.

परत आल्यावर अण्णांनी मोबाइलमधला फोटो माझ्यासमोर धरला. "सर, माझं काय चुकलं सांगा की. महापौर म्हणजे शहराचा प्रथम नागरिक. पहिला मान त्यालाच ना?"

फोटोत मधल्या खुर्चीवर महापौर नव्हते. तिथं बसलेला माणूस त्या शहराच्या कम्युनिस्ट पक्षसमितीचा सचिव होता.

"सचिव?" अण्णा म्हणाले. "आपल्या पतसंस्थेचा सचिव तर चेअरमन सांगेल तिथं सही करतोय."

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. चीनचा राज्यकारभार समजावताना मी फळ्यावर किती चौकटी काढल्या असतील, त्याचा हिशेब नाही. पण अण्णांच्या फोटोत जे दिसतं, ते त्या चौकटींत कधी दिसलं नव्हतं. म्हणून त्या फोटोपासूनच सुरुवात करतो.

चीनमध्ये प्रत्येक पायरीवर दोन खुर्च्या असतात. एक सरकारची, एक पक्षाची. गावाला, काउंटीला (म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढ्या भागाला), शहराला, प्रांताला आणि देशालाही. सरकारच्या खुर्चीवर महापौर किंवा गव्हर्नर बसतो आणि रोजचं काम बघतो: रस्ते, पाणी, शाळा, परवाने. पक्षाच्या खुर्चीवर सचिव बसतो. कुठल्या अधिकाऱ्याला बढती द्यायची, पैसा कुठं वळवायचा, अडचणीची गोष्ट कशी हाताळायची, हे त्याच्या समितीत ठरतं. महापौर स्वतः बहुतेक वेळा त्याच पक्षसमितीत उपसचिव असतो. म्हणजे सरकारात पहिला असलेला माणूस पक्षात दुसरा, आणि चीनमध्ये पक्षातला क्रम खरा धरतात. अण्णांनी दुसऱ्या नंबरच्या माणसाला पहिल्याच्या देखत पहिला मान दिला होता. आपल्याकडं लग्नात व्याह्याच्या आधी भलत्यालाच टॉवेल-टोपी दिली तर जे होईल, तेच तिथं झालं.

वर देशपातळीवरही हीच रचना आहे. पंतप्रधान ली छ्यांग सरकार चालवतात. शी जिनपिंग यांच्याकडं तीन पदं आहेत: पक्षाचे सरचिटणीस, केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्ष आणि देशाचे राष्ट्राध्यक्ष. आपली वर्तमानपत्रं त्यांना नेहमी राष्ट्राध्यक्ष म्हणतात, पण तिन्हींत वजनानं सगळ्यात हलकं पद तेच. राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच मुदती मिळतील, अशी मर्यादा चीनच्या १९८२ च्या राज्यघटनेत होती. सरचिटणीसाच्या पदाला अशी लेखी मर्यादा कधी नव्हतीच. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचीही मर्यादा काढून टाकली. त्या घटनादुरुस्तीच्या बाजूनं तिथल्या संसदेत २९५८ मतं पडली आणि विरोधात २.

लष्करी आयोगाचं पद का वजनदार, तेही सांगून टाकतो. चीनचं सैन्य पक्षाच्या हुकमतीखाली आहे. आपल्याकडं सैन्यदलांचे सर्वोच्च प्रमुख राष्ट्रपती आणि निर्णय मंत्रिमंडळाचा. सत्तेवरचा पक्ष बदलला तरी बॅरेकमधल्या जवानाला त्याचं काही देणंघेणं नसतं. चीनमध्ये पक्षच बदलत नाही आणि बंदूक पक्षाच्या हातात राहील हा तिथला जुना नियम आहे.

"मग तिथं निवडणुकाच नसतात म्हणा की," अण्णा म्हणाले.

असतात. गावपातळीवर आणि काउंटीपातळीवर लोक थेट मतदान करून तिथल्या स्थानिक जनसभांचे प्रतिनिधी निवडतात. काउंटीच्या सभेनं शहराची सभा निवडायची, शहराच्या सभेनं प्रांताची आणि प्रांतांनी मिळून बीजिंगची नॅशनल पीपल्स काँग्रेस. या सर्वोच्च सभेत सुमारे ३००० प्रतिनिधी आहेत. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, आठवडा-दहा दिवस ती भरते. कागदावर ती देशातली सर्वश्रेष्ठ संस्था आहे. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख सगळे तिथं निवडले जातात. पण उमेदवार पक्षानं आधी ठरवलेला असतो. सरकारनं मांडलेलं विधेयक या सभेनं आजवर एकदाही पाडलेलं नाही. सगळ्यात मोठी कुरकुर झाली ती १९९२ मध्ये, यांगत्से नदीवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या वेळी. त्या वेळी जवळपास एक तृतीयांश प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं किंवा तटस्थ राहिले. धरण तरीही झालं आणि बारा लाखांहून जास्त माणसांना आपली गावं सोडावी लागली.

दुसरे पक्षही आहेत, चांगले आठ. पण कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व मान्य करायचं, ही त्यांच्या अस्तित्वाची अट आहे. सत्तेसाठी त्याच्याविरुद्ध उभं राहायचं नाही.

आता दोन्ही देशांची तुलना करायची तर वर्गात मी एकच प्रश्न विचारतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं तोंड कुणीकडं आहे? त्याला त्या खुर्चीवरून उठवण्याची ताकद ज्याच्याकडं, त्याच्याकडंच त्याचं तोंड असणार. बाकी कलमं, शपथा, सभागृहं नंतर बघता येतात.

याचं उत्तर सोलापूरकरांनी स्वतः दिलेलं आहे. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात नोकरी केली, पोलीस उपनिरीक्षक झाले, राजकारणात आले, मुख्यमंत्री झाले आणि २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री. देशातल्या चार-पाच सगळ्यात ताकदवान खुर्च्यांपैकी ती एक. २०१४ च्या निवडणुकीत गृहमंत्री असतानाच ते सोलापुरातून उभे राहिले आणि दीड लाखाच्या आसपास मतांनी पडले. त्यांना ज्यांनी मतं दिली आणि ज्यांनी दिली नाहीत, त्या दोघांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जाताना भीती वाटली नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. २०१९ मध्येही तेच पारडं राहिलं आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघानं पुन्हा काँग्रेसला निवडलं. कुणी कुठल्या पक्षाचा असो, देशाच्या गृहमंत्र्याला घरी पाठवायची किल्ली मोहोळच्या शेतकऱ्याच्या, अक्कलकोटच्या दुकानदाराच्या आणि पूर्वभागातल्या विडी कामगार बाईच्या बोटावरच्या शाईत होती.

दिल्लीतही असंच. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयी सरकारनं विश्वासमत मागितलं. बाजूनं २६९, विरोधात २७०. एका मतानं पंतप्रधान खाली उतरले. रस्त्यावर रणगाडा आला नाही. कुणाला पकडलं नाही. निवडणूक झाली आणि तेच पुन्हा पंतप्रधान झाले.

चीनमध्ये मोठे नेते पडत नाहीत असं नाही. बो शिलाय हे छोंगछिंग या महानगराचे पक्षसचिव आणि पॉलिटब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या वरच्या नेत्यांच्या मंडळाचे, सदस्य होते. त्यांच्या नावाला पुढं फार वाव आहे, असं लोक म्हणत. २०१२ मध्ये त्यांना पदावरून काढलं आणि २०१३ मध्ये जन्मठेप झाली. पण त्यांना खाली उतरवणारा हात वरून आला. छोंगछिंगच्या नागरिकांना त्यात कुणी काही विचारलं नाही. त्याआधीची एक गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. ल्यू शाओची देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे माओंनी चालवलेल्या राजकीय मोहिमेच्या, धामधुमीत १९६८ मध्ये त्यांना पक्षातून काढलं आणि १९६९ मध्ये ते कैदेतच वारले. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला देशाची राज्यघटना वाचवू शकली नाही.

म्हणजे चीनमधल्या अधिकाऱ्याचं तोंड वर असतं. गावाच्या सचिवाचं काउंटीकडं, काउंटीचं शहराकडं, शहराचं प्रांताकडं, प्रांताचं बीजिंगकडं. बीजिंगमध्ये पॉलिटब्युरोची स्थायी समिती बसते. सध्या त्यात सात माणसं आहेत. १० कोटींच्या आसपास सदस्य असलेल्या पक्षाचं आणि १४० कोटींच्या देशाचं टोक एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतं.

पण वर तोंड केलेल्या या व्यवस्थेला लोक वाटतात तेवढी साधी समजू नका. तिथं वर चढायचं तर काम दाखवावं लागतं. पक्ष अधिकाऱ्याला एका काउंटीतून दुसऱ्या शहरात, तिथून दुसऱ्या प्रांतात फिरवतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची वही तपासतो. शी जिनपिंग १९८२ ते १९८५ हबेइ प्रांतातल्या झेंगडिंग नावाच्या काउंटीत होते. मग सतरा वर्षं फुज्यान, मग झेज्यांग, मग शांघाय, आणि २००७ मध्ये थेट स्थायी समितीत. एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला कारभार माहीत असतो, हे मान्यच करायला हवं. आपल्याकडं पहिल्यांदा निवडून आलेला माणूस थेट मंत्री होऊ शकतो.

आणि आपलं तोंड तरी कायम खाली असतं का? उमेदवारी मुंबई-दिल्लीहून ठरते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं खासदार-आमदाराला पक्षाचा व्हिप मोडता येत नाही, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. घोडेबाजार थांबवायला केलेला कायदा. पण त्यामुळं आमच्या प्रतिनिधीला सभागृहात मतदारांचं ऐकू की पक्षाचं, हा प्रश्न पडायचंच बंद झालं. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत तर वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि विरोधी नेते तुरुंगात गेले. फरक एवढाच, की १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधींचा पराभव झाला.

दुसरा मोठा फरक नकाराचा आहे. सत्तेला "नाही" कोण म्हणू शकतं?

यासाठी सोलापूरच्या माणसाला लांब जायला नको. होटगी रोडवरच्या विमानतळाजवळ सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची चिमणी उभी होती. विमान उतरण्याच्या वाटेत ती येते म्हणून पाडायची, असं ठरलं. ठरलं तेव्हापासून ती पडेपर्यंत कितीतरी वर्षं गेली. विमान खातं एक सांगायचं, महापालिका नोटीस काढायची, कारखाना कोर्टात जायचा, स्थगिती यायची, तारीख पडायची. एका बाजूला विमानसेवा पाहिजे म्हणणारे लोक उपोषणाला बसले, दुसऱ्या बाजूला आमच्या उसाचं काय म्हणणाऱ्या सभासदांनी मोर्चे काढले. दोघंही सोलापूरचेच. जून २०२३ मध्ये ती चिमणी अखेर पाडली. मी गच्चीवर उभा होतो. आधी काहीच ऐकू आलं नाही, चिमणी बुडाशी जरा वाकली, मग आडवी होत गेली आणि सगळं धुळीत नाहीसं झालं. आवाज नंतर आला. शेजारच्या गच्चीवर दोन पोरं टाळ्या वाजवत होती आणि त्यांचे आजोबा, आयुष्यभर ऊस घातलेले, खाली मान घालून जिन्यानं उतरले. गोव्याचं विमान सुरू झालं ते जून २०२५ मध्ये.

"चीनमध्ये महिन्यात झालं असतं," अण्णा म्हणाले. बहुधा झालं असतं. तिथं शहरातली सगळी जमीन सरकारच्या मालकीची आणि गावाकडची जमीन सामूहिक मालकीची. घराला वापराचा हक्क मिळतो, ७० वर्षांचा. त्यामुळं रस्ता, रेल्वे, विमानतळ यांची आखणी झाली की वाट मोकळी करणं सोपं जातं. तरीही अडून बसणारे तिथंही आहेत आणि त्यांना चिनी भाषेत एक झकास शब्द आहे, 'खिळा-घर'. फळीतून उपटून येत नाही तो खिळा. २००७ मध्ये छोंगछिंगमध्ये एका कुटुंबानं घर सोडायला नकार दिला. आजूबाजूची सगळी घरं पाडली, चहूबाजूंनी खोल खड्डा खणला आणि मधे मातीच्या ढिगावर ते एकटं दोनमजली घर. फोटो जगभर गेला. शेवटी तडजोड झाली आणि घर पडलं. तो खिळा टिकला तो माणसाच्या हिमतीवर आणि वर्तमानपत्रांच्या लक्षावर. आपल्याकडं चिमणी टिकली ती स्थगितीच्या कागदावर. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. हिमतीचा माणूस प्रत्येक गल्लीत सापडत नाही, कोर्टाचा कागद मात्र भित्र्या माणसालाही मिळू शकतो.

आपल्या न्यायालयांची ही ताकद कुठून आली? न्यायालय संसदेनं केलेला कायदा रद्द करू शकतं. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं आणि सात विरुद्ध सहा अशा निकालानं ठरलं, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. चीनमध्ये न्यायालयाला कायदा रद्द करता येत नाही. राज्यघटनेचा अर्थ लावायचा अधिकारही न्यायालयाकडं नाही, तो नॅशनल पीपल्स काँग्रेसच्या स्थायी समितीकडं आहे. सरकारी कार्यालयाविरुद्ध दावा मात्र नागरिकाला लावता येतो. तसा कायदा १९८९ मध्ये झाला आहे आणि लोक तो वापरतातही. पण पक्षाच्या निर्णयाला आव्हान द्यायला तिथं दार नाही. न्यायालयांवर नजर ठेवायला प्रत्येक पातळीवर पक्षाची समिती असते. वर्तमानपत्रांचंही तसंच. सरकारी माध्यमांचं आडनाव 'पक्ष' असलं पाहिजे, अशा अर्थाचं शी जिनपिंग २०१६ मध्ये बोलले होते. आडनावाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको.

मी विद्यार्थ्यांना दर वर्षी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेतो. मे-जून १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्या वेळच्या कलेक्टरचं तोंड मुंबईकडं होतं आणि मुंबईचं लंडनकडं. सोलापूरकडं कुणाचंच नव्हतं. ज्यांना हे माहीत आहे, त्यांना "एकदा कडक माणूस पाहिजे, सगळं सरळ होईल" हे वाक्य सहज बोलवत नाही. मला तरी बोलवत नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मला स्वतःला बोचते. राज्यव्यवस्थेची तुलना दिल्ली आणि बीजिंग यांची केली की आपण ताठ मानेनं बोलतो. तीच तुलना दोन शहरांची केली, तर मान जरा खाली जाते.

चीन हे संघराज्य नाही. प्रांतांना आपल्या राज्यांसारखे घटनेनं दिलेले, केंद्राला काढून घेता न येणारे अधिकार नाहीत. पण चीनच्या एकूण सरकारी खर्चापैकी ८० टक्क्यांहून जास्त पैसा प्रांत, शहरं आणि काउंट्या यांच्या हातून खर्च होतो. शहराचा पक्षसचिव निवडून आलेला नसतो, पण त्याच्याकडं तिजोरी असते, जमीन असते, आणि मेट्रो आखायची की औद्योगिक वसाहत, हे ठरवायची ताकद असते. जमिनीच्या वापराचे हक्क विकून या शहरांनी रस्ते आणि पूल बांधले. त्यातून कर्जाचे डोंगरही झाले आणि २०२१ नंतर घरांचा बाजार बसल्यावर ते कर्ज त्यांच्या अंगावर आलं. पण निर्णय शहरात होतो.

आपल्या महापौरांकडं काय असतं? अडीच वर्षांची मुदत, लाल गादीची खुर्ची, सभेचं अध्यक्षपद. महापालिकेचे कार्यकारी अधिकार १९४९ च्या कायद्यानं आयुक्तांकडं आहेत. आयुक्त बहुधा आयएएस अधिकारी असतात आणि त्यांना राज्य सरकार नेमतं, राज्य सरकारच बदलतं. मग आयुक्तांचं तोंड कुणीकडं असणार? माणूस कितीही चांगला असो, आणि मी चांगले आयुक्त पाहिलेत, त्याची बदली सोलापूरच्या हातात नसते. महापालिकेच्या तिजोरीचा मोठा हिस्सा मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर चालतो.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं सांगितलं, की महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. सोलापूर महापालिकेत २०१७ मध्ये १०२ नगरसेवक निवडून आले होते. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली. मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांचे खटले सुरू झाले आणि प्रशासक आले. तीन वर्षांहून जास्त काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर चाकं हलली. राज्यातल्या इतर महापालिकांचीही हीच गत होती.

त्या वर्षांत आमच्या गल्लीत गटार तुंबलं तर बायका कुणाच्या दारात जाणार? आधी नगरसेवकाच्या घरासमोर घागरी घेऊन उभ्या राहायच्या. तो चिडायचा, टाळायचा, पण रात्री फोन करून माणूस पाठवायचा, कारण पाच वर्षांनी त्याला त्याच दारात मतं मागायला यायचं होतं. प्रशासकाच्या काळात मोबाइलवर तक्रार नोंदवायची आणि क्रमांक जपून ठेवायचा. चिनी शहरातल्या नागरिकालाही १२३४५ हा तक्रारीचा क्रमांक असतो आणि कितीतरी शहरांत तो चटकन उचलला जातो, कारण किती तक्रारी निकालात काढल्या यावर अधिकाऱ्याची वही तपासली जाते. त्या तीन वर्षांत माझ्या गल्लीला नगरसेवक नव्हता आणि चिनी शहराएवढी ताकदही नव्हती. दोन्ही व्यवस्थांतलं नको तेवढं आमच्या वाट्याला आलं होतं.

तरी लोकांचा रेटा दोन्हीकडं कधीतरी पोचतो. आपल्याकडं सप्टेंबर २०२० मध्ये केलेले तीन शेती कायदे वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनं मागं घेतले. चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमची शहरात इमारतीला आग लागून दहा माणसं दगावली. कोविडच्या बंदोबस्तानं मदत पोचायला उशीर झाला, असा लोकांचा राग होता. अनेक शहरांत तरुण पोरं हातात कोरा कागद धरून उभी राहिली. कागदावर काही लिहिलं तर पकडतील, म्हणून कोरा. ७ डिसेंबरला नियम सैल झाले. पण तिथं कुठल्या सभागृहात यावर चर्चा झाली नाही, चूक झाली असं कुणी म्हणालं नाही आणि उभ्या राहिलेल्यांपैकी काहींना नंतर पोलिसांनी उचललं. आपल्याकडं सरकारनं माघार घेतली ती टीव्हीवर, सगळ्या देशासमोर.

हे सगळं ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपले डॉक्टर कोटणीस कुठल्या चीनमध्ये गेले होते?"

द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. आजचं चीनचं सरकार तेव्हा जन्मलंही नव्हतं, ते आलं १ ऑक्टोबर १९४९ ला. कोटणीस आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. हबेइ प्रांतातल्या शिजियाझ्वांग शहरात त्यांची समाधी आहे. शी जिनपिंग यांनी जिथं सुरुवात केली, ते झेंगडिंग या शहराला लागूनच. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या जुन्या घरात आता स्मारक आहे आणि चीनमधून शिष्टमंडळं तिथं येत असतात.

ते ऐकून अण्णा सरसावून बसले. "म्हणजे ती लोकं सोलापूरला येतात. आली की त्यांनाही प्रश्न पडत असणार, पहिली भेट कुणाला द्यायची. आपल्याकडं पहिला कोण हो, सर?"

मी बोटांवर मोजायला लागलो. महापौर प्रथम नागरिक. महापालिकेचा कारभार आयुक्तांकडं. जिल्हा कलेक्टरांचा. वर पालकमंत्री. दिल्लीत आपला आवाज खासदार. स्मारक ज्या भागात, तिथले आमदार...

अण्णांनी मोबाइल काढला आणि कारखान्यात फोन लावला. "मोठ्या चादरी किती शिल्लक आहेत रे? सहा बाजूला काढून ठेव."

"सात," मी म्हणालो. "प्रभागाचा नगरसेवक राहिला."